लाल किती लाल

संकट माणसांना जवळ आणतं, असं म्हणतात. या दोघांच्या बाबतीत ते काम एका शर्टाने केलं.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डाग काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. सगळे त्याला डागतज्ज्ञच म्हणत. दुकानाचा एक जुना रिवाज होता: डाग पहिल्याच धुण्यात गेला तरी कपडा चार दिवस ठेवून घ्यायचा. लगेच दिला की गिऱ्हाइकाला त्याची किंमत राहत नाही. त्याप्रमाणे चार दिवस मुरवलेला एक पांढरा शर्ट त्याने, सवयीने डावा डोळा मिटून, भिंगातून तपासला आणि छातीठोकपणे पुढे सरकवला. "घ्या. औषधालाही उरला नाही."

खिशावर बटणाएवढा लाल डाग होता.

गिऱ्हाईक आधी हसलं, मग चिडलं आणि शेवटी घाबरलं. कारण डागतज्ज्ञ एकेक डोळा झाकून शर्टाकडे बघत सुटला होता, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"उजव्या डोळ्याच्या नसेला सूज आहे, त्यात लाल रंग आधी फिका पडतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड देऊ. आणि मेंदूचा एमआरआय करू. मेंदूत डाग असले, तर मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे मज्जासंस्थेच्या कायमच्या आजाराचा, विचार करावा लागतो."

"म्हणजे डागच," तो म्हणाला. "आता माझे कोण काढणार?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मग तोही हसला नाही.

दुकानातून त्याच्या बायकोला फोन गेला. दीड वर्षापासून ती भावाकडे राहत होती. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. परक्याच्या कॉलरवरचा डाग त्याला दहा फुटांवरून दिसे, पण बायको घर सोडून गेल्याचं तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. तेव्हा त्याने फोन केला होता. चहापत्तीचा डबा कुठे आहे, म्हणून. तिने सांगितलं होतं.

ती एक छोटी बॅग घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "रिपोर्ट येईपर्यंत आहे मी. उगाच गैरसमज नको."

"छे गं," तो म्हणाला. "कसला गैरसमज?"

रोज सकाळी ती त्याला खिडकीपाशी बसवी, डावा डोळा झाकायला लावी आणि समोर लाल रुमाल धरी.

"कसा दिसतो?"

"धुऊन धुऊन विटल्यासारखा."

"आणि मी?"

हे तिला विचारायचं नव्हतं. निसटलं. तो बघत राहिला. लग्नाला बारा वर्षं झाली होती. इतका वेळ त्याने आपल्याकडे पाहिल्याचं तिला आठवेना. एका डोळ्याने का होईना, तेही सुजलेल्या.

"धूसर," तो म्हणाला. "पण तूच आहेस."

ती गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून आत गेली. गॅसवर काही नव्हतं.

शुक्रवारी ती रिपोर्ट आणायला गेली. दवाखान्याच्या जिन्यातच तिने पाकीट उघडलं, एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. बाकावर अर्धा तास बसून राहिली.

"आजच सांगा त्यांना," डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या.

घरी येऊन तिने पाकीट बॅगेत कपड्यांच्या तळाशी घातलं. "मशीन बिघडलंय म्हणे त्यांचं. सोमवारी बघू."

"बघू की," तो म्हणाला. "कुणाला घाई आहे?"

सोमवारी रिपोर्टवर सही नव्हती. मंगळवारी सही करणारे रजेवर गेले. संध्याकाळी भावजयीचा फोन आला तेव्हा ती बाल्कनीत गेली आणि दार ओढून घेतलं.

"वन्सं, आला का हो रिपोर्ट?"

"आला."

"मग?"

"यांना नाही सांगितलं अजून. जीभच रेटत नाही."

"अगंबाई!" भावजयीला रडूच फुटलं. "खचू नका हं. आणि इकडची मुळीच काळजी करू नका. तुमच्या खोलीत शिलाई मशीन बसतंय व्यवस्थित."

बुधवारी सकाळी डोळा झाकून बसलेला तो म्हणाला, "रिपोर्ट आलाय ना? तुझा चेहरा वाचायला एक डोळा पुरतो मला. वाच तूच, होऊन जाऊ दे."

तिने पाकीट आणलं. कागदाची घडी उलगडून तिने शेवटची ओळ वाचली.

"सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीसाठी यावे."

"सहा महिने."

"हं."

"मग तोवर तू…"

"राहावंच लागेल. घरात कुणीतरी नको का?"

त्याने चाचपडत तिचा हात धरला. "घाबरू नकोस," तो म्हणाला. "होईल ते होईल. आपण दोघं आहोत."

तिने मान हलवली. वर बघायचा धीर तिला झाला नाही.

त्या ओळीच्या वरची ओळ तिने वाचली नव्हती. तिथे लिहिलं होतं: मेंदूत एकही डाग नाही.