पूचा थेंब

डॉक्टर पाटणकरांनी बाळाचा कान दिव्याखाली धरला. टोचलं होतं तिथं चार आण्याएवढी जखम झालेली, कडेनं काळी. मालनबाईंना कुणी विचारलं नव्हतं, तरी त्या सांगत सुटल्या.

"पण पूचा थेंब नाही बघा, डॉक्टर! बेंबीला पण नव्हता. आमच्या ह्या प्राणेशाचं रक्तच स्वच्छ. नातू कुणाचा?"

"नाळ कधी पडली?"

"सव्वा महिन्यानं. चिवट आहे पोरगं."

डॉक्टर सुनेकडं वळले. "वसुमतीबाई, तुम्ही ऐका. पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. ह्याच्या रक्तात त्या खच्चून भरल्यायत. जखमेत मात्र एक नाही."

"असं कसं?"

"रक्तवाहिनीच्या भिंतीला आधी चिकटायचं, मग बाहेर पडायचं. ह्याच्या चिकटतच नाहीत, वाहत पुढं जातात. चिकटायला लागतं ते काहीतरी त्यांच्या अंगावर नसावं. काय, ते अजून कुणालाच माहीत नाही. माझा आपला अंदाज."

"म्हणजे शिवाजीनगरची बस," मालनबाई म्हणाल्या. "भरलेली, आणि थांबायची नाही."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. हसले नाहीत.

"मग औषध?" वसुमतीनं विचारलं.

"पेनिसिलिन चालू ठेवू. तुम्ही रोज पट्टी काढून बघायचं. पू दिसला तर धावत या."

"आणि नाही दिसला तर?"

डॉक्टर नवी पट्टी बांधत होते. गाठ मारून झाल्यावर बोलले. "तर जंतू कानावर थांबणार नाहीत. अंगभर पसरतील. मग माझ्या हातात काही नाही."

"आता पू यावा म्हणून नवस बोलू होय?" मालनबाई भडकल्या. "चल गं, दुसरा डॉक्टर बघू." आणि रस्त्यावर घोड्याचा जटका थांबवायला तणतणत बाहेर गेल्या.

वसुमती बाळाला घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली. शेजारी होसकोटे गावची एक कानडी बाई होती. तिच्या मांडीवरची पोरगी किंचाळत होती. गुडघ्यावरचं गळू नुकतंच फुटलेलं, पिवळा घट्ट पू पोटरीवरून खाली ओघळत होता.

बाईनं ओशाळून त्यावर पदर ओढला. "स्वल्प लांब बसा, अक्का. घाण आहे."

"असू दे. झाकू नका," वसुमती म्हणाली, आणि आणखी जवळ सरकली.