गोमुखाची बाटली

गोमुखाचं पाणी जगात सगळ्यात शुद्ध, आणि ते ओठाला लागलं की माणूस धुतल्या तांदळासारखा होऊन वर जातो, याबद्दल चौऱ्याऐंशी वर्षांच्या वामन सोनटक्क्यांना तिळमात्र शंका नव्हती. डॉक्टरांनी हात टेकल्यापासून त्यांनी त्या एका घोटाचाच ध्यास घेतला होता. हिमनद्यांवर संशोधन करणाऱ्या लेकीनं बाटली आणली खरी, पण सवयीप्रमाणे आधी पाणी तपासून.

“बाबा, यात डीडीटी सापडलंय. अगदी कणभर, पण आहे.”

“तिथं कोण मेलं फवारायला गेलं होतं?”

“कुणी नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी इकडूनच वाऱ्यानं गेलं आणि बर्फात गोठून बसलं. आता बर्फ वितळतोय.”

हिवताप खात्यात एकतीस वर्षं डीडीटीचा पंप वाहून सोनटक्क्यांनी भंडारा जिल्ह्यातली भिंत न् भिंत फवारली होती आणि दारोदारी गेरूनं तारीख टाकली होती.

“लग्न झाल्यापासून मी त्याच वासात नांदले,” बायको म्हणाली. “आता जातानाही तेच पिऊन जाणार का?”

लेकीनं बाटली उचलली. “ओतून देते.”

“राहू दे गं,” ते थकून म्हणाले. “आता आणखी कुठलं शोधत बसणार? हे निदान ओळखीचं आहे. वेळ आली की हेच घाल.”

दिवेलागणीला बायकोनं त्यांच्या खाटेभोवती मच्छरदाणी खोचली. भंडाऱ्यात डास फार.