सकाळचं पहिलं नाव

लेकीला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षी माझ्या मुलाने घरच्यांसाठी फोटोंचं ॲप बनवलं. पुढे त्याने त्यात नवी सोय घातली. ज्याने त्याने आपलं नाव नोंदवायचं आणि रोज पासवर्ड टाकूनच आत जायचं. मी साठीनंतर अक्षरं गिरवली. पासवर्ड स्वतःच्या बोटाने टाकला, तेव्हा वाटलं, आता थोरल्या जाऊबाई मागे पडल्या. ताई अजून अंगठाच उठवायच्या.

पण रोज सकाळी माझ्याआधी ताईंचं नाव आत हजर. वर जुळ्यांच्या फोटोखाली लिहिलेलं, "दोघी आजीवर गेल्यात. रडतानाही ऐट सोडत नाहीत!" सगळे वाहवा करायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"ताई, लिहायला कधी शिकलात हो?"

"तू शिकलीस, मग मी काय दगड आहे?"

घरी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग तूही लिही. कुणी अडवलंय?"

 

अकरा मार्चनंतर ताईंच्या नावाने एक अक्षरही आलेलं नाही. त्यांचे यजमान, आमचे थोरले भावजी, बारा मार्चला पहाटे गेले. ताई आजही अंगठाच उठवतात.