दोन यंत्रांचं एक

सुरेखाचं पाण्याचं यंत्र बंद पडून तीन दिवस झाले होते. जतमधल्या विहिरी कधीच आटल्या होत्या. आता घरोघरी यंत्रं हवेतून पाणी काढत. वॉरंटी संपलेली, कंपनी बुडालेली, पंखा जळालेला आणि तसला दुसरा बाजारात कुठंच मिळेना. तसलंच यंत्र शेजारच्या मालनकडं होतं, पण कुंपणाच्या भांडणापासून सात वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. घरातला शेवटचा हंडा संपला, तेव्हा सुरेखानं तिचं दार वाजवलं.

“मालन, जुना पंखा पडलाय का गं एखादा?”

“चांगला चालू पंखा आहे, पण माझ्या यंत्राची हवा गार करणारी नळी फुटलीय,” मालन म्हणाली. “कालपासून तुझ्याकडं यायचं म्हणतेय, पाय उचलेना.”

दुपारपर्यंत दोघींनी दोन यंत्रांचं एक केलं. तासाभरानं पहिला तांब्या भरला. सुरेखानं तो आधी मालनच्या हातात दिला.