वीणेचा पहारा

पहारा बदलायची वेळ टळून गेली, तरी बारकू उठला नाही. मांडी ठोकून टाळ वाजवत बसला. समोर सुधाकर गळ्यात वीणा घालून उभा, घामाने चिंब. सप्ताह संपेपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नाही, मांडवाबाहेर न्यायची नाही. पुढच्याच्या गळ्यात घालायची, तेव्हाच सुटका. आणि पुढची पाळी बारकूची होती.

"बारक्या, ऊठ ना रे," नाम घेता घेता सुधाकर हळूच म्हणाला.

"नाव घ्या, सुधाकरभाई. मध्ये बोलू नये."

टाळकऱ्यांत खसखस पिकली. दुसरं कुणी उठतंय का म्हणून सुधाकरने मांडवभर नजर फिरवली. सगळ्यांचे डोळे एकदम भक्तीने मिटले.

नरोलीकडून हायवेला जाणारा रस्ता खरं तर माळावरून जायचा होता. सुधाकरने साहेबलोकांना कोंबड्या खाऊ घालून तो वळवला. त्याची पडीक जमीन रस्त्याला लागली आणि पाड्याची भातं डांबराखाली गेली. खळी गेली, आंबे गेले, कारखाने आले. बारकूचा बाप लावणीच्या दिवसांत सवयीने आपल्या खाचराच्या जागी जाऊन उभा राहायचा. तिथेच त्याला ट्रकने उडवलं. तेव्हापासून बारकू संधीची वाट पाहत होता.

आता तळ्याखालची खाचरं तेवढी उरली होती. तीही लोकांना कारखान्याला विकायला लावायची म्हणून सुधाकरने भावाभावांत भांडणं लावून घरंच्या घरं फोडली होती. आज कारखान्याचे साहेब जागा बघायला यायचे होते. ते येईस्तोवर जरा मिरवावं म्हणून त्याने हौसेने वीणा गळ्यात घातली होती.

जीप आली. पुण्याचे शंतनू साहेब बुटांसकट मांडवाच्या कडेला थांबले.

"सुधाकरराव, चला. आज ठरलं नाही तर आम्ही गलोंड्याची जागा घेतोय."

"आलोच साहेब. हा एवढा उठला की..."

"अहो, ठेवा ना ते खाली!"

टाळ थांबले. बारकूचा जीव हरखला. ठेव. ठेवच तू. एकदा वीणा भुईला लागू दे, मग या मुलखात तुझ्या हातचं पाणी कोण पितो ते बघतो.

सुधाकरने जीपकडे पाहिलं. ओठ चावले.

"ठेवता येत नाही, साहेब."

जीप वळून गलोंड्याकडे निघून गेली.

खाचरं वाचली. मांडवात हरिनामाचा गजर उठला. म्हाताऱ्या पुतळाबाईने तर भर मांडवात फुगडीचा फेर धरला. बारकू मात्र हलला नाही. त्याला एवढ्यावर सोडायचं नव्हतं. पडेपर्यंत उभा राहू दे मेल्याला.

आणि सुधाकरचे गुडघे खरंच लटपटले. वीणा कलली. तिचा भोपळा खाली खाली येऊ लागला, आणि बारकूच्या तोंडून "अरे विठ्ठला!" निघालं. टाळ फेकून तो धावला. दोन्ही हातांनी त्याने वीणा वरच्यावर तोलून धरली.

आता ती घ्यायला हवी होती. आणि घेणाऱ्याने आधी देणाऱ्याच्या पाया पडायचं, ही रीत. सगळा मांडव बघत होता.

"राहू दे," सुधाकर पुटपुटला. "माझ्या नको पडूस."

"तुमच्या कोण पडतंय? वीणेच्या पडतोय."

पण वीणा होती सुधाकरच्या छातीशी. बारकूचं कपाळ टेकलं ते त्याच्या पायांवर.