तांब्यातलं पाणी

वाल्मीकने अंगणातलं शेवटचं पिंप उपडं केलं. त्याआधी माठ, रांजण, जुनं टायर, कोंबड्यांचं भांडं, सगळं पाहून झालं होतं. अळी कुठेच नव्हती. तरी घरात डास होते, पायांवर पांढरे पट्टे असलेले. एक तर चार वर्षांच्या आशाच्या पोटरीवरच बसला होता.

आशाचा भाऊ लखन डेंग्यूने गेला होता. उद्या त्याचा दहावा.

"पोरगं गेल्यावर आला तुम्ही," आजोबा सावळीराम झेंडूचे क्रेट रचत म्हणाले. दसरा तोंडावर आला की मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू सुतकासाठी थांबत नाही. "माणसांची नसबंदी करत फिरता, एकदा डासांची करा ना."

वाल्मीक प्राणिशास्त्र शिकलेला. मलेरिया विभागात कंत्राटावर होता. प्रश्न आला की उत्तर देण्याची त्याची सवय गेली नव्हती. "तसे प्रयोग झालेत, बाबा. वांझ केलेले नर सोडतात. मादी अंडी घालते, पण ती फुटत नाहीत."

उंबऱ्यात लखनची आई, नवसाबाई, बसली होती. ती पहिल्यांदाच बोलली.

"बरं हाय तिचं. पोर होऊन जाण्यापेक्षा."

वाल्मीकने हळूच विचारलं, "ताई, घरात आणखी कुठं पाणी आहे? अंधारातलं, न बदललेलं?"

"नाय." ती थांबली. "लखनचं हाय. पण ते काय वापरायचं पाणी नाय."

लखनने जिथे जीव सोडला त्या कोपऱ्यात दिवा होता. शेजारी बांबूची टोपली पालथी घातलेली. तिने ती उचलली. खाली पसरलेलं पीठ आणि पितळी तांब्या.

"हे ओतायचं नाय. रोज वरून भर घालते. उद्या गोदावरीत सोडायचं."

वाल्मीकने बॅटरी लावली. उजेड पडताच अळ्या वळवळत तळाला गेल्या. काही कोषात गेल्या होत्या. त्यांना सकाळपर्यंत पंख फुटणार होते.

"पाहिलं?" नवसाबाई कुजबुजली. "समदे पिठात पाऊल शोधतात. पाऊल नाय उमटलं. पण मी टोपली उचलली की पाणी हलतं. येतो तो."

आईच्या पाठीमागे आशा पोटरी खाजवत उभी होती.

"ताई, हे आजच ओतावं लागेल."

"दहाव्याच्या आधी?" तिने तांब्यावर हात धरला. "शेवटी पाणीच मागत होता तो, भाऊ. तहानलेला कसा धाडू?"

वाल्मीक बाहेर गेला. विहिरीत सोडायला आणलेल्या, अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांचा कॅन पायरीवर होता. त्यातले चार मासे ओंजळीत झाकून तो परत आला.

"दिवा मंद झालाय, ताई."

ती तेलाची बाटली घ्यायला वळली. त्याने ओंजळ तांब्यात सोडली.

ती परत आली तेव्हा पाणी असं ढवळत होतं की थेंब पिठावर उडत होते. नवसाबाईच्या हातातली बाटली तशीच राहिली. ती खाली बसली. एवढ्या दिवसांत तिचा चेहरा पहिल्यांदाच सैल पडला.

"आज लय तहान लागलीय त्याला," ती म्हणाली.