पायाला गाडी कळते

सहादूनं चपला काढल्या, खुर्चीत बसला आणि टेबलाला आवळून बसवलेल्या, व्हिडिओ गेमच्या त्या प्लास्टिकच्या स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. त्याचा मुलगा पंकज हसला. हसू दे. एकतीस वर्षं एसटी हाकली, ती काय ह्या पोराला विचारून हाकली होती?

"नाना, चपला कशाला काढल्या?"

"ड्रायव्हरचा पाय उघडाच पायजे. पायाला गाडी कळती. बुटं घालून ब्रेक दाबनारे लई बघितले."

उद्या सोमवार, शाळा उघडणार. केडगावातली अकरा पोरं नगरच्या शाळेत न्यायची-आणायची व्हॅन सहादूची, आणि यंदाही ती आपणच चालवणार असा त्याचा हेका. पंकजचं म्हणणं, अंगदला ड्रायव्हर ठेवू. कारण एकच. गेल्या आठवड्यात बाजारातून येताना सहादूच्या उजव्या पायातली चप्पल वाटेतच निघून पडली आणि हा गडी एका चपलेवर थेट घरी. दारात बायकोनं, विमलबाईनं बघितलं तेव्हा त्याला कळलं. "बोलायच्या नादात हुतो," म्हणून त्यानं विषय मिटवला. शुगर काय एकट्या सहादूला आहे? पण पोरगा ऐकेना, तेव्हा आज जेवणं झाल्यावर सहादूच म्हणाला, "तुझ्या त्या खेळात एक चक्कर मारून दावतो. कुठं न ठोकता मारली, तर अंगदचं नाव पुन्हा काढायचं न्हाई."

"हा साधा खेळ नाही, नाना," पंकज म्हणाला. "खडी लागली की स्टिअरिंग हाताला धक्के देतं. ब्रेक जास्त दाबला की पेडल पायाखाली थरथरतं. खऱ्या गाडीत होतं ते सगळं ह्यात होतं."

"सगळं? मग उसाची ट्रॉली कुठाय, बिगर लाईटची? म्हैस आडवी न येनारा रस्ता मिरजगावापासनं नगरापातूर मी तरी बघितला न्हाई!"

जयमाला खुदकन हसली. पंकजची ही आठ वर्षांची लेक खाली फरशीवर, पेडलांपाशी बसली होती. उद्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर, आजोबांशेजारी बसायचं तिनं सुट्टीभर घोकलं होतं.

टीव्हीवर गाडी निघाली. खोटं कशाला बोला, स्टिअरिंगला तोड नव्हती. चाक रस्त्याच्या कडेला उतरलं की हाताला खडी कळत होती. सहादू खूश झाला. पहिली चार वळणं त्यानं अशी काढली की पंकजनं फोन बाजूला ठेवला.

"वा, नाना!"

पुढं उतार आणि उताराखाली वळण. सहादूनं ब्रेक दाबला. गाडी सरळ घसरत कठड्यावर आदळली.

"फार दाबलात," पंकज म्हणाला. "थरथर आली की पाय जरा सोडायचा."

"कुठं आली थरथर?"

पुन्हा तोच उतार, पुन्हा तोच कठडा. आतून विमलबाईनं विचारलं, "काय फुटलं ओ?"

"काय न्हाई फुटलं!" सहादू ओरडला. मग पंकजकडं वळून, "ह्याच्यात थरथर-बिरथर काय न्हाई. दुकानदारानं तुला शेंडी लावली."

तिसऱ्यांदा गाडी उताराला लागली. सहादूनं पाय दाबला, तसा जयमालानं पेडलच्या कडेला हात लावला.

"येतेय की, आजोबा! आत्ता येतेय. केवढी! हाताला मुंग्या आल्या."

गाडी आदळली. सहादू तिच्याकडं बघत राहिला. मग उठला.

"पंकज, तू बस. गाडी तू चालव, ब्रेक मी दाबतो."

तो नातीशेजारी फरशीवर बसला. उतार आला तसा त्यानं हाताच्या तळव्यानं पेडल दाबलं. मनगटापर्यंत थरथर गेली. दुकानदारानं शेंडी लावलेली नव्हती.

"आनखी एकदा."

ह्या वेळी त्यानं उजवा पाय लांब करून पेडलवर टेकवला, डोळे पायावरच ठेवले आणि दाबला. पेडल खाली गेलेलं दिसलं. जयमालाचा हात कडेला होताच.

"आली!" ती म्हणाली.

त्याला काही कळलं नाही. पाय आपलाच, पण दुसऱ्या कुणाचा तरी बघत बसावा तसा तो बघत बसला. सहादू घाबरला. सुट्टी लागेपर्यंत ह्याच पायानं अकरा पोरं नेली होती, आणली होती. एसटीत असताना एकदा घाटात बस अडकली तेव्हासुद्धा तो इतका घाबरला नव्हता.

"नाना, आणखी एक चान्स घ्या," पंकज हळूच म्हणाला.

"नको. मशीन बराबर हाय."

त्यानं खिशातून व्हॅनची किल्ली काढून टीव्हीपुढं ठेवली. "अंगदला फोन लाव. सकाळी साडेसहाला हजर पायजे म्हनावं. उशीर चालायचा न्हाई."

पंकजनं फोन उचलला. सहादूनं चपला घातल्या. खाली बघून, एक एक करून घातल्या.

जयमालाचा चेहरा उतरला होता. "आजोबा, मग मी पुढं नाही बसायचं?"

"बसायचं की," सहादू म्हणाला. "फकस्त उद्यापासनं जरा सरकून बसत जा. मला बी जागा लागंल."